गॅपमधली बावीस वर्षं

मानसिंगने सही केली. पण ते झालंच नाही असं धरून चालू. कारण चार वाजून दहा मिनिटांनी पेनचं टोपण त्याच्या दातांत होतं, पुढ्यात स्टॅम्प पेपर होता आणि तो तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून उभा होता.

तिसरी ओळ अशी होती : 'सन २००३ ते २०२५ या कालावधीत मी घरीच होतो व कोणताही कामधंदा केलेला नाही.'

बोनकोड्यातलं मिथुनचं झेरॉक्सचं दुकान एवढंसं, की दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा. पुढे कॉम्प्युटरवर मिथुन, मागे लॅमिनेशनच्या मशीनला टेकून नोटरी मॅडम, आणि मध्ये मानसिंग आणि त्याची मुलगी मंजुषा. कॉलेज रस्त्याच्या पलीकडे होतं. अर्जाची खिडकी पाचला बंद होणार होती, आणि आज शेवटची तारीख होती.

"ही वळ काढ," मानसिंग म्हणाला. "बावीस वर्सं भाजी मार्केटात गोणी उचलल्यात मी."

"फॉर्मॅट हाय, काका." मिथुनने मान वर केली नाही. "मागे एक जन जेलमधून सुटून आलेला. त्यालापन हाच दिला."

मानसिंगच्या मणक्यात दोन ठिकाणी गादी सरकली होती. आणखी वर्षभर गोणी उचलली तर पुढचं आपल्याला विचारू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पावणे गावातल्या एका शीतगृहात देखरेखीचं, बसून करायचं काम होतं. त्याला डिप्लोमा लागत होता. डिप्लोमाला फी लागत होती. फीसाठी मंजुषाने 'श्रमिक पालक शिक्षण साहाय्य' नावाची योजना शोधून काढली होती. अट एकच : अर्जदार कष्टकरी हवा आणि आई किंवा बाप हवा. टोळीच्या मुकादमाने तसं लिहूनही दिलं होतं, की हा माणूस बावीस वर्षं अखंड हमाली करतो आहे.

मग प्रवेशासाठी गॅप सर्टिफिकेट लागलं. म्हणजे बारावीनंतर आपण काहीच केलं नाही, असं शपथेवर सांगायचं. हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमावं, असं मानसिंगने कॉलेजात विचारलं होतं. क्लार्कने खरोखर विचार केला आणि सांगितलं, की पहिली अट योजनेची, दुसरी प्रवेशाची, आणि ते दोन विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत.

"तो कागद वेगला, हा वेगला," मिथुन म्हणाला. "दोन्ही एका पिनेत लावायचे. वाचनार कोन?"

गेल्या महिन्यात मंजुषाला अठरा पूर्ण झाली होती आणि त्याचा पहिला उपयोग म्हणून ती आज साक्षीदार होती. रिक्षात ती एकदाच बोलली होती : "पप्पा, मला खोटं बोलता येत नाही. तुम्हाला माहितेय."

त्याला माहीत नव्हतं. मंजुषाबद्दलचं बरंचसं त्याला बायकोकडून, वेणूबाईकडून कळायचं. तो रात्री दोनला निघायचा. मंजुषा शाळेतून यायची तेव्हा तो झोपलेला असायचा, आणि तो उठायचा तेव्हा ती क्लासला गेलेली असायची.

साडेचार वाजले. त्याने पेनला टोपण लावलं.

"ऱ्हाऊ दे. फुडल्या वर्सी बघू."

"पुढच्या वर्षी तेवीस लिहावी लागतील," मिथुन म्हणाला.

मंजुषाने टेबलावरचा कागद उचलला आणि मॅडमपुढे नेऊन ठेवला. मॅडमनी फोटो पाहिला, मानसिंगला पाहिलं, आणि शिक्का शोधता शोधता मंजुषाला विचारलं, "यांना किती वर्षांपासून ओळखता?"

"अठरा."

"या काळात हे काय करत होते?"

हा प्रश्न मॅडम सगळ्यांनाच विचारत असाव्यात आणि उत्तरासाठी कधी थांबत नसाव्यात. पण या वेळी मंजुषा वाकून तिसरी ओळ पुन्हा वाचायला लागली, म्हणून त्यांनी वर पाहिलं. मिथुनची बोटं कीबोर्डवर थांबली. भिंतीवर पावणेपाच झाले होते. मानसिंग मुकादमाच्या चिठ्ठीची आणखी एक घडी घालत होता. तिला आता घडी घालायला जागा उरली नव्हती.

"घरीच होते," मंजुषा म्हणाली.

मॅडमनी शिक्का उचलला.

"रोज मला शाळेत सोडायचे. दोन वेण्या घालायचे, डावी नेहमी सैल व्हायची." अर्ज वाचून दाखवावा तशा सपाट आवाजात ती सांगत होती. "पाचवीत गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसले होते. मी झाड झाले होते. झाडाला काही काम नव्हतं, तरी यांनी टाळ्या वाजवल्या. दहावीच्या निकालाला दारातच उभे होते."

"एवढं नको असतं," मॅडम म्हणाल्या. "घरी होते, पुरे."

मानसिंगने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने टोपण काढलं, ते दातांत धरायचं विसरला, आणि बारावीच्या पेपरवर लिहावं तसं आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. म्हणजे सही आता केली. मंजुषाने खाली तिची केली. शिक्का बसला.

पाचला सहा मिनिटं असताना ते खिडकीशी पोचले. क्लार्कने मुकादमाची चिठ्ठी आणि प्रतिज्ञापत्र न वाचता एका पिनेत लावलं आणि अर्ज परत सरकवला. शेवटचा रकाना रिकामा होता : 'इतर विनंती, असल्यास'. रिकामा चालत नाही, काही नसेल तर 'निरंक' लिहा, असं त्याने सांगितलं.

मानसिंगने अर्ज भिंतीला टेकवला. 'निरंक' लिहायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तो लिहीत राहिला. मागच्या रांगेतून कोणीतरी हाका मारायला लागलं. मंजुषा दोन्ही हातांनी कागद घट्ट धरून उभी होती.

'अर्जदार सन २००३ ते २०२५ या कालावधीत घरीच होता, हे सोबतच्या प्रतिज्ञापत्रावरून व साक्षीदाराच्या तोंडी जबाबावरून सिद्ध झाले आहे. तरी सदर कालावधी, पाचवीच्या गॅदरिंगसह, अर्जदारास प्रत्यक्ष घरी घालवण्यासाठी परत मिळावा, ही नम्र विनंती.'