मोरूची माती

पाद्रीबाबांची मोटार आंबेनळी घाटाखालच्या वाडीपर्यंत चढली, तेव्हा ठमाबाईला आधी संतापच आला. सांगावा धाडला तेव्हा कुठं होती ही मोटार? तिचा लेक मोरू पडवीत तडफडत होता. "पाद्रीबाबांना बोलवा, मला माती द्या, जाळू नका," एवढंच म्हणत होता. मुंबईच्या गोदीत हमाली करताना तो किरिस्ताव झाला होता. पण त्याचा काका सयाजी अडून बसला; भावकीच्या जमिनीत मढं पुरू देणार नाही म्हणाला. ठमाबाई गप्प राहिली आणि मोरूला जाळलं. त्याला आज चार दिवस झाले. अस्थींचं गाडगं दारच्या आंब्याला टांगलं होतं.

पाद्री तसा नव्या चालीचा माणूस. पोलादपुरात पडद्यावर चित्रं दाखवायचा. रोमचे मोठे धर्मगुरू यंत्रात बोलतात नि ते जगभर ऐकू जातं, हे चित्र ठमाबाईनंही डोळे फाडून पाहिलं होतं. मोटारीतून उतरून त्यानं गाडग्याकडे बघत विचारलं, "बाई, जाळण्याची इच्छा त्याची स्वतःची होती का?"

अंगणात सगळी भावकी उभी. मरणाऱ्याचा शेवटचा शब्द मोडला, हे चारचौघांत कोण कबूल करील? त्याहून मोठं पाप या डोंगरात नव्हतं. ठमाबाई पटकन म्हणाली, "व्हय, त्यानंच सांगितलं."

पाद्रीनं हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. "मग मला प्रार्थना करता येणार नाही. आपणहून जाळून घेणाऱ्याला आमचा नियम आड येतो. इतरांनी जाळलं असतं, तर गोष्ट वेगळी."

ठमाबाईचं डोकं फिरलं. "मोटार चालते, यंत्रात बोललेलं चालतं, आन माज्या पोराची राख चालत नाय? कसला वो हा नियम?"

पाद्री मोटारीकडे वळला. तशी ती धावली, गाडगं उतरवून तिनं पोटाशी धरलं.

"थांबा! खोटं बोलले मी. ह्याच्यावर हात ठेवून सांगते, पोर मातीच मागत व्हतं. ह्या भावोजींनी जाळलं, आन मी मेली गुमान बघत राह्यले!"

"वयनी, तोंड आवर!" सयाजी ओरडला. "भावकीतून बाहेर पडशील. तुज्या मढ्याला कोण खांदा देतो बघू!"

पाद्रीनं पुस्तक पुन्हा उघडलं. ठमाबाईनं आपल्याच परसात कुदळ मारली. गाडग्यापुरता खड्डा झाला, तरी ती खणतच राहिली.

"पुरे, बाई," पाद्री म्हणाला.

"पुरे कसं?" सयाजीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "माज्यासाठी लाकडं तोडू नका."