एका पानाचा रिपोर्ट

अंजनाबाई संत्रा बर्फीचा डबा घेऊन लॅबमध्ये आल्या, तेव्हा डॉक्टर उन्नतीचं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळपासून प्रिंटर अडून बसलेला, धंतोलीतल्या निम्म्या दवाखान्यांचे फोन येऊन गेलेले, आणि टायपिस्ट दत्तोपंत मात्र तीस वर्षांच्या सवयीने सावकाश एकेक कागद लावत बसलेले. त्या सावकाशीचाच तिला जास्त राग यायचा.

"तुमच्या रिपोर्टानं जीव वाचला माह्या," अंजनाबाई म्हणाल्या. जरीपटक्यात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. महिन्यापूर्वी ऑपरेशन करून त्यांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. "सर्जन म्हनले, गाठ पूरी निघाली, बाजूच्या गिल्ट्याबी साफ हायेत. किमो नको, काही नको. उद्या मी पोरीकडे मौद्याले चालली."

उन्नतीचा हात डब्यावरच थांबला. त्या गाठीची स्लाइड तिनंच मायक्रोस्कोपखाली तपासली होती, आणि ती तिला चांगली आठवत होती. गाठ तशी लहानच, पण तिच्यापासून दोन-दोन, चार-चार पेशी सुटून आजूबाजूला घुसल्या होत्या. अशा जागी शरीराच्या रक्षक पेशींनी गर्दी करायला हवी. इथे त्या औषधालाही नव्हत्या. उलट भोवतालचे तंतू असे माजलेले, की सुटलेल्या पेशींना वाट त्यांनीच करून दिली असावी. हे सगळं तिनं दत्तोपंतांना टाइप करायला सहा ओळींत सांगितलं होतं. शेवटी पसरण्याचा धोका जास्त असल्याचं आणि किमोचा विचार व्हावा असंही सांगितलं होतं.

"रिपोर्ट दाखवा बरं."

एकच पान निघालं. गाठीचं माप, प्रकार, गिल्ट्या म्हणजे बाजूच्या लसिकाग्रंथी स्वच्छ, कापलेली टोकं स्वच्छ, खाली सही. सहा ओळींचा पत्ताच नव्हता.

"दत्तोपंत, बाकीचं कुठे गेलं?"

दत्तोपंतांनी चष्मा वर केला. "ते आजूबाजूचं होय? ते काढून टाकलं, मॅडम. दुसऱ्या पानावर जाऊन राहिलं होतं. दुसरं पान कोनी वाचत नाही. तुमच्या आधीचे मोठे डॉक्टर होते तवापासून आपला रिपोर्ट एकाच पानाचा. गाठीचं तं पूरं लिवलं ना?"

"गाठ तर कापून फेकली," उन्नतीचा आवाज चढला. "ती पुढे पसरणार का, हे त्या आजूबाजूच्यावरूनच कळतं. मी काय हौस म्हणून सांगते का?"

"काय झालं वं बाई? मले सांग," अंजनाबाई म्हणाल्या.

उन्नतीनं राग गिळला. "तुमच्या दुकानात चोर शिरला, तर शेजारचे धावून येतात ना? तुमच्या गाठीभोवती कोणी धावलंच नाही, मावशी. उलट भोवतालच्यांनीच तिला वाट करून दिली."

अंजनाबाईंनी तो कागद पुढे ओढला. "म्हंजे मोहल्ल्यानंच चोराले मागचं दार दाखवलं."

"हो. म्हणून किमो लागू शकते."

"मंग हे पयल्याच पानावर काहून नाही लिवलं?"

उन्नतीनं सर्जनना फोन लावला. ते आधी वैतागले, मग त्यांनी त्या सहा ओळी फोनवर दोनदा ऐकून घेतल्या आणि म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, बाईंना आत्ताच माझ्याकडे पाठवा. अंजनाबाई उठल्या. बर्फीचा डबा त्यांनी उचलला आणि परत पिशवीत टाकला.

त्या गेल्यावर उन्नती दत्तोपंतांकडे वळली. "असं किती जणांचं केलंत?"

"सगळ्यांचंच, तुमी आल्यापासून. चार महिने झाले. मोठे डॉक्टर इतकं सांगतच नव्हते." त्यांनी जाड फाइल तिच्यापुढे ठेवली. "पन मॅडम, तुमी वाचूनच सही करता ना? मले वाटलं, तुमाले चालते."

त्यांना झापायला उन्नतीनं तोंड उघडलं आणि फाइलही उघडली. पहिला रिपोर्ट एका पानाचा. दुसराही. तिसराही. प्रत्येकाखाली तिचीच सही होती, संध्याकाळी घरी जायच्या घाईत वीस-वीस कागदांवर एका दमात ठोकलेली.

तिनं फोन जवळ ओढला.

"पहिल्या पेशंटचा नंबर सांगा," ती म्हणाली.