मानाची खुर्ची

शिंपीकाकांचं दुकान बंद होऊन आठ महिने झाले होते आणि ते कायमचं बंद झालंय हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ते स्वतः, दुसरी त्यांची बायको. बाकीच्यांना काकांनी सांगून ठेवलं होतं की डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, म्हणून जरा विश्रांती चाललीय. ऑपरेशन खरंच करायचं होतं, फक्त ते कधी होणार नव्हतं. चौकात तयार कपड्यांची दोन मोठी दुकानं आली तेव्हापासून काकांकडे लोक फक्त पँटची लांबी कमी करायला यायचे, पुढे तेही थांबले. चारही मशिनं गेली. दारावरची पाटी तेवढी राहिली, कारण ती कोण घेणार? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. काका रोज इस्त्रीचा शर्ट घालून त्या पाटीखालून एक फेरी मारून यायचे.

तांदळाच्या डब्याचा तळ दिसायला लागला तेव्हा काकू म्हणाल्या, दोन चौक पलीकडे शाळेच्या हॉलमध्ये दर शनिवारी धान्य वाटतात, जाऊन या. त्या हॉलमधल्या धान्याच्या पिशव्या काकांनीच शिवून दिल्या होत्या. चांगल्या दिवसांत, पाचशे, दुहेरी शिवणीच्या, फुकट. भिंतीवरच्या देणगीदारांच्या फलकावर तिसरं नाव त्यांचं होतं. पण पोट फलक वाचत नाही. शनिवारी काका गेले.

हे अन्नकेंद्र एक निवृत्त हेडमास्तर चालवत. माणूस भला, पण भल्या माणसाच्या हाती नोंदवही आली की त्याच्याइतका कडक कोणी नाही. सुरुवातीला काही लोकांनी दोनदोन पिशव्या लांबवल्या, तेव्हा हेडमास्तरांनी नियम केला. हॉलमध्ये समोर एक खुर्ची ठेवली. दर शनिवारी तिच्यावर एक देणगीदार बसणार. पिशव्या त्याच्या हातून द्यायच्या, आणि नवीन माणूस आला की खुर्चीवरच्याने त्याला ओळखतो म्हणून सही करायची. ओळख नाही तर पिशवी नाही. रांगेतल्यांनी एकमेकांना ओळखलेलं चालत नसे. रांगेतला माणूस रांगेतल्याचीच बाजू घेणार, हे हेडमास्तरांचं गणित.

त्या शनिवारी खुर्ची रिकामी होती. ठरलेला देणगीदार आलाच नव्हता. हेडमास्तर हवालदिल होऊन दारात उभे होते आणि समोरून इस्त्रीच्या शर्टात काका आले. "या, या! देवासारखे आलात," म्हणत त्यांनी काकांना हाताला धरूनच आत नेलं. काका "अहो, मी जरा..." एवढं म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं, कारण तोवर ते खुर्चीवर बसले होते आणि समोर चहा आणि बिस्किटांची बशी आली होती.

दोन तास काकांनी पिशव्या वाटल्या. हातात टेप नसला तरी शिंप्याची नजर कुठे जाते! चौतिसाची कंबर एकोणतिसावर आलेली त्यांना लांबून कळायची. नवीन आलेल्यांपैकी कितीतरी जणांची मापं त्यांनी कधीतरी घेतली होती, त्यामुळे ते धडाधड ओळखत होते आणि सह्या ठोकत होते. हेडमास्तर बेहद्द खूश झाले. म्हणाले, आता दर शनिवारी तुम्हीच बसा, तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही. काकांनी मान डोलवली. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. आठ महिन्यांत कोणी त्यांच्यापुढे वाकून बोललं नव्हतं. आणि बशीतली सहाच्या सहा बिस्किटं त्यांनी खाल्ली होती.

घरी येऊन त्यांनी सांगितलं की धान्य संपलं होतं.

पुढच्या शनिवारीही संपलं. काकू पिठात पाणी घालून उकळायच्या, ते पातळ पाणी दोन वाट्यांत ओतायच्या आणि जास्त भरलेली वाटी काकांपुढे ठेवायच्या. काका ती प्यायचे. ह्या माणसाला लाज नव्हती असं नाही. होती, पण ती सगळी बाहेरच्या लोकांसाठी राखून ठेवलेली होती.

तिसऱ्या शनिवारी काकू स्वतःच गेल्या. काका दर शनिवारी रांगेत उभे राहून रिकाम्या हाताने येतात, आपण जरा लवकर जाऊन पाहू, असा त्यांचा साधा हिशेब. पण दोन चौक चालताना तीनदा बसावं लागलं, म्हणून पोचायला उशीरच झाला. रांग सरकत सरकत पुढे गेली आणि खुर्चीवर नवरा दिसला. पुढ्यात बशी.

हेडमास्तर काकूंना ओळखत नव्हते. ह्या चेहऱ्याची नोंद नाही, असं म्हणून त्यांनी काकांकडे पाहिलं. "ओळखता का ह्यांना?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता हो म्हटलं की सगळा हॉल विचारणार, कोण ह्या? मग फलक, पाटी, इस्त्रीचा शर्ट, सगळं एका दमात उसवणार. काकांच्या कानशिलांवर घाम आला.

"नाही," ते म्हणाले. "आमच्या बाजूच्या नाहीत ह्या."

रांगेत काकूंना ओळखणाऱ्या दोघीतिघी होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. पिशवी हातात पडेपर्यंत रांगेत कोणी तोंड उघडत नाही. काकू वळल्या आणि भिंतीचा आधार घेत बाहेर गेल्या.

घरी काकांनी खूप समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, उद्या दिवस फिरले तर ह्याच लोकांत दुकान उघडायचंय, अन् तुला आधी मला विचारायला काय झालं होतं, इथपर्यंत त्यांची मजल गेली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "मिशीला चुरा लागलाय, पुसा."

बुधवारी काकू सरकारी दवाखान्याच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. तिथल्या नर्सने साखरपाणी पाजलं आणि विचारलं, घरी कोण आहे? काकू म्हणाल्या, कोणी नाही. नवरा? तो गेला. नर्सने हळहळून चिठ्ठी लिहिली: विधवा, एकटी, अशक्तपणा, धान्य द्यावे.

शनिवारी ती चिठ्ठी हेडमास्तरांच्या हातात आली. बाईला मागच्या वेळी परत पाठवलं ह्याचं त्यांना आता वाईट वाटत होतं. ते चष्मा नीट लावून, मायेने चौकशी करायला लागले. रांगही थांबून ऐकू लागली.

"यजमान कधी गेले?"

"मागच्या शनिवारी," काकू म्हणाल्या.

"अरेरे. आजारी होते?"

"नाही. बसल्या जागी गेले."

काकांनी हातातली पिशवी मांडीवर ठेवली. त्यांना वाटलं, आता हिला हाताला धरावं, बाहेर न्यावं आणि जे काय व्हायचं ते होऊ द्यावं. खरंच वाटलं. पण ते उठले नाहीत.

"काय करायचे ते?" हेडमास्तरांनी विचारलं.

"कपडे शिवायचे."

"म्हणजे तुमच्याच धंद्यातले!" हेडमास्तर काकांकडे वळले. "मग तर तुम्ही त्यांना ओळखत असाल. चिठ्ठी असली तरी खुर्चीची सही लागतेच हो, माझा नाइलाज आहे. ओळखत होता ना त्यांना?"

नाही म्हटलं तर ती आजही रिकाम्या हाताने जाणार होती, आणि पुन्हा दोन चौक चालून येण्याएवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. हे काकांना तिच्या खांद्यांवरूनच दिसत होतं. ब्लाउज दोन्हीकडून बोटभर लोंबत होता.

"ओळखत होतो," काका म्हणाले.

"माणूस कसा होता?"

"बरा होता," काका म्हणाले, आणि वहीत सही केली. पतीच्या रकान्यात 'मृत', घरातल्या माणसांच्या रकान्यात 'एक'. त्याप्रमाणे हेडमास्तरांनी पिशवीतले अर्धे तांदूळ काढून घेतले आणि पिशवी काकांच्या हातात दिली. काकांनी ती काकूंच्या हातात दिली. काकूंनी सगळ्यांना करतात तसा त्यांना नमस्कार केला.

काका घरी पोचले तेव्हा भात झाला होता. कित्येक आठवड्यांनी घरात वाफेचा वास होता. काकूंनी एक ताट घेतलं, सगळा भात त्यात वाढला आणि जेवायला बसल्या. काका शर्ट न काढताच समोर बसले. बराच वेळ वाट पाहिली.

"आणि मी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"एकाचंच आहे हे," काकू म्हणाल्या. "सही तुमचीच आहे. आणि तुमचं तिकडे भागतंच की."

त्या हळूहळू चावत होत्या, कारण इतक्या दिवसांनी भराभर खाल्लं तर पोटात दुखतं. ताटातलं शेवटचं शीत त्यांनी बोटाने टिपून खाल्लं, मग ताट उचललं आणि धुवायला नेलं.