मुख्य चालक

ओट्यावर पालथी घातलेली वाटी आपोआप घसरली आणि टणकन सिंकमध्ये पडली. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे बघितलं. लेकीने कूस बदलली आणि पुन्हा झोपली. सुट्टीच्या दुपारची ही एवढीच वेळ माझी. आज ती गाडीच्या विम्याला द्यायची होती. मुदत आज रात्री बाराला संपत होती आणि विम्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. म्हणजे उद्या लेकीचं पाळणाघर नाही, माझी लॅब नाही.

आजवर हे काम नवरा करायचा. दरवर्षी तो अर्ज भरायचा, मी विचारायचे सही कुठे करू, तो म्हणायचा तुझी नको. त्याचं कारण आज कळलं. गाडी दोघांच्या नावावर, पण विम्यात ‘मुख्य चालक’ तो. मी ‘अधूनमधून चालवणारी’.

दोन वर्षं झाली, तो दुसऱ्या गावी नोकरीला आहे. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा. गेले चार महिने नुसता फोन येतो, तोही लेकीसाठी. वेगळे झालो असं आमच्यापैकी कुणीच अजून म्हटलेलं नाही. गाडी आधीही मीच चालवायचे, त्याला गर्दीत चालवायचा कंटाळा.

विम्याचा एजंट नवऱ्याचा वर्गमित्र, मला वहिनी म्हणणारा. त्याने फोनवर समजावून सांगितलं की इतकी वर्षं अपघात झाला नाही त्याची सवलत नवऱ्याच्या खात्यात जमली आहे. मी मुख्य चालक झाले तर कंपनीच्या लेखी मी कालच गाडी शिकले, हप्ता दीडपट. मी म्हटलं, अहो पण चालवली मीच ना.

“कागदाला काय माहीत, वहिनी? राहू द्या की नाव. नवऱ्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.”

मी हसले, सवयीने. मग विचारलं, उद्या कुणाला धडक बसली आणि कंपनीने विचारलं की हा मुख्य चालक असतो कुठे, तर? कोण एवढं खोदून बघतंय, म्हणाला. आणि आवाज उतरवून, “येऊन जाऊन असतो ना तो?”

दारात कुणीतरी आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं.

दुसऱ्या कंपनीचा नंबर शेजारणीने लिहून दिला होता. तिथली बाई अगदी खोदून विचारणारी निघाली. गाडी रात्री कुठे उभी असते, छपराखाली का उघड्यावर, रोजचं अंतर किती, मागे मुलाची सीट बसवली आहे का, ती कुठल्या बाजूला. मी भराभर उत्तरं देत होते, विचारलं नाही तेही सांगत होते. सकाळी वळणावर ऊन डोळ्यांवर येतं, हेसुद्धा सांगितलं. माझ्या दिवसाबद्दल इतकं बारकाईने कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

“घरात आणखी कोण चालवतं गाडी?”

नवरा, असं ओठांवर आलं. तेवढा एक शब्द टाकला असता तर हप्ताही कमी झाला असता आणि घर होतं तसं राहिलं असतं. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात, तसं ते नाव मधे उभं होतं.

“मॅडम, ऐकू येतंय ना?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “मी एकटीच.”

पलीकडे की-बोर्डची टकटक झाली. तिने ते लिहून घेतलं, वेळ सांगावी तितक्या सहज. जुनी सवलत तुम्हाला देता येणार नाही, म्हणाली, पण काही झालं तर तुम्ही सांगितलंत तेच धरलं जाईल. आकडा एजंटने सांगितलेल्या दीडपटीच्या जवळपासच होता. मी हो म्हटलं. आणखी काही विचारायचं आहे का, असं तिलाच विचारावंसं वाटलं. पण तिने शुभ दुपार म्हणून फोन ठेवला होता.

मागे वळले तर लेक दारात उभी, एका पायात मोजा. कधीची उभी होती कुणास ठाऊक. कुणाशी बोलत होतीस, म्हणाली. मी तिला उचलून घेतलं. गाडीवाल्या मावशीशी, म्हटलं, आजपासून गाडी आपल्या दोघींची.

तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली.

“मग बाबा आला की तो कुठे बसणार?”