लेकीला नंबर, लेकाला इलाज

सकाळी चष्म्याच्या दुकानात मालक मशीनवर काच घासत होते आणि त्यांची थोरली लेक एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवत होती.

"आता टोचत नाही ना?"

"नाही गं. पण तुझाच चष्मा माझ्यापेक्षा जाड!" आजोबा हसले.

तीही हसली. मग बिलावरचा आकडा वाचायला तिने कागद पार नाकाला टेकवला. बापाने ते पाहिलं. "दुपारी नंबर बदलून देतो," म्हणाला. वर्षातली ही चौथी वेळ.

तिला काय झालंय, हे या माणसाला ठाऊक नव्हतं असं समजू नका. सहा महिन्यांपूर्वी धाकट्याला शाळेत फळा दिसेना, तेव्हा बाप त्याच संध्याकाळी त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात धावला. थोरली सोबत होती. डॉक्टर बाईंनी नीट समजावलं होतं, "डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पटल पातळ होऊन टोक काढतंय. आजार वाढत नसता तर मीच चष्म्यावर भागवलं असतं. पण वाढतोय. चष्म्याने दिसेल, आजार थांबणार नाही. थेंब घालून वर विशिष्ट प्रकाश दिला की पटल घट्ट होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकते. घरात आणखी कुणाला त्रास?"

"नाही," बाप म्हणाला. लेक शेजारच्याच बाकावर बसली होती! जनाची नाही तर मनाची तरी लाज?

पंधरा दिवसांत धाकट्याच्या दोन्ही डोळ्यांवर इलाज झाला. थोरलीने विचारलं, "आणि मी?" तर आई म्हणाली, "पोरीची जात. ऑपरेशनचा कागद निघाला की स्थळं फिरतात. लग्न होऊ दे, मग सासरचे बघतील."

सासरचे बघतील! डोळे काय गहाण टाकायची वस्तू आहे, की सोडवून घ्यायला पुढचे येतील? बापाची युक्ती तर त्याहून भारी. दुकान घरचं, काचा घरच्या, मग कागद कशाला? लेकीचा नंबर वाढला की नवी काच, वर "वाढत्या वयात होतंच" ही मखलाशी.

दुपारी त्याने तपासणीची गोल फ्रेम तिच्या नाकावर चढवली. एकामागून एक भिंगं घातली.

"आता?"

"उजव्याने नाही."

"आता?"

"नाही, बाबा."

"नीट बघ जरा!"

"बघतेच आहे. तुम्ही बघत नाही."

पेटीतली भिंगं संपली. तिने फ्रेम काउंटरवर ठेवली आणि एकटी त्याच मोठ्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी दोनदा मोजमाप घेतलं. "उजवं पटल फार पातळ झालंय. आता हा इलाज तिथे करता येणार नाही. पुढेमागे बहुधा दुसऱ्या कुणाचं पटल बसवावं लागेल. डावा डोळा अजून हातात आहे, पण इलाज लगेच हवा."

"भावाबरोबर झालं असतं तर?"

"उजवाही बहुधा वाचला असता."

तिने घरी फोन केला. आईबाप धापा टाकत आले. बाप कुजबुजला, "अगं, रविवारी बघायला येताहेत. चांगलं घर आहे. लग्न होईपर्यंत चारच महिने थांब, मी अगदी पातळ काच करून देतो."

थोरलीने डॉक्टरांना विचारलं, "सही कुणाची लागते?"

"अठरा पूर्ण असतील तर तुझी."

"एकोणीस झालीत." तिने संमतीचा कागद नाकाशी धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली.

आई रडायला लागली. "आता त्या लोकांना काय सांगायचं गं?"

"खरं सांगा," ती म्हणाली. "डावा डोळा मुलीने वाचवला, उजवा आम्ही घालवला. एवढं ऐकूनही यायचं असेल, तर खुशाल या म्हणावं."