राखेतली पावलं

मोहाच्या झाडाखालचा पाचोळा पेटवला की आग विझेस्तोवर तिथून हलायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पाचोळा जळाला की जमीन साफ होते, पहाटे गळलेली फुलं पटकन दिसतात. पण त्या दिवशी ऊन कलताना माझी धाकटी जाऊ जैतू आग लावून आली ती धापा टाकत थेट माझ्या अंगणात.

"अक्का, पाऊल दिसलं वं तिचं! ताजं!"

"आन् आग?"

"आग कोण पाहाते? जीव घेऊन पळाली मी."

"मोठी शहाणी! तिले घाबरली आन् तिचंच घर पेटवून आली!"

जैतूच्या वाटणीच्या मोहामागेच नाल्याकाठी बांबूची दाटी आहे, आणि तिथे मालकिणीची दोन पिल्लं होती. वाघिणीला आम्ही मालकीणच म्हणतो. आधीची मालकीण कुणीतरी शेताच्या तारेत सोडलेल्या विजेने मेली, तेव्हापासून रान सुनं होतं. ही आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी वाघोबापुढे कोंबडं कापलं होतं.

पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन आम्ही दोघी धावलो. आगीने बांबूला वेढा घातला होता, नाल्याकडे तेवढी एक चिंचोळी वाट उरली होती. तिथेच उभ्या राहून आम्ही आग झोडपू लागलो. धुराने डोळे फुटायची वेळ आली.

तेवढ्यात मालकीण नाला चढून वर आली. एक पिल्लू पलीकडे ठेवून ती दुसऱ्यासाठी परतली होती, आणि तिच्या वाटेत आम्ही. आम्हाला पाहून ती गुरगुरली.

"अक्का, सरक!"

"सरकलो तं आग वाट खाईन."

"आन् नाही सरकलो तं ते जाईन कशी?"

मघाशी पळालेली ही बाई आता बरोबर बोलत होती. आम्ही मागे सरलो. मालकीण अंग चोरून आत घुसली आणि तिच्यामागे आगीने वाट बंद केली. मग आम्ही वेड्यासारख्या झोडपत राहिलो. जैतू रडत होती, मीही रडत होते. गावातली माणसं धावून आली, तेव्हा कुठे आग आवरली.

सकाळी राखेत मालकिणीची पावलं दिसली, बांबूतून निघून नाल्याकडे गेलेली. पिल्लाचं पाऊल एकही नव्हतं.

"तोंडात धरलं असन ना, अक्का? मंग त्याचं पाऊल कसं उमटन?"

"हो वं. तोंडातच असन."

ते खरं असावं म्हणून मी मनातल्या मनात वाघोबाला हात जोडले. साफ झालेल्या जमिनीवर मोहाची फुलं पडली होती, पण आमचा हात काही टोपलीकडे जाईना.

नाल्यापलीकडून मालकिणीची हाक आली. थोड्या वेळाने पुन्हा आली. जैतूने माझा हात घट्ट धरला. पिल्लं जवळ असली की मालकीण एवढ्या मोठ्याने कधीच बोलावत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.