उलट्या रिळातली रेमेदिओस

मित्रांनो, दुबईच्या अल कुसैस भागातल्या एका फ्लॅटच्या स्टोअररूममध्ये इस्त्रीच्या टेबलामागे जो काळा, जड ठोकळा पडलेला दिसतो ना, तो मी. जुना प्रोजेक्टर. घरातली मुलं मला ‘दॅट थिंग’ म्हणतात. मी रागावत नाही. खरं सांगायचं तर थोडासा रागावतो.

माझा जन्म विलायतेतला. शारजाच्या गोऱ्या सोल्जरांच्या छावणीत काही वर्षं राबलो आणि तिथून दुबईला, देरा भागातल्या एका टॉकीजमध्ये आलो. ही एकोणीसशे चौसष्टची गोष्ट. अमिरात नावाचा देश तेव्हा अजून व्हायचा होता. आमच्या टॉकीजला चार भिंती होत्या, छप्पर नव्हतं. माझा ऑपरेटर बाणकोटचा खैरुद्दीन. तो मला लेकरासारखा जपायचा. मला एकच खोड होती, नसती चौकशी करण्याची. पडद्यावर एखादी बाई रडली की मला वाटायचं, ही शूटिंग संपवून घरी गेल्यावर काय जेवत असेल? पण सांगणार कोण?

बुधवारी फक्त बायकांचा खेळ असे. परदेशी सिनेमा असला की खैरुद्दीन केबिनमध्ये बसून भोंग्यावरून गोष्ट समजावून सांगायचा. एकदा बैरुतहून एक जुना स्पॅनिश सिनेमा आला. चार रिळांचा. चौथ्या रिळात नायिका अंगणात स्वतःच्या छातीत खंजीर खुपसून घेते. काय मरायची हो ती! आठवडाभर रोज दाखवूनही माझं मन भरलं नव्हतं.

त्या बुधवारी मरियमबी खेळाआधीच केबिनच्या खिडकीशी आल्या. रत्नागिरीकडच्या साऱ्या घरांवर त्यांचा वचक होता. म्हणाल्या, “खैरुद्दीन, उद्या माझ्या भाचीची, कुबराची हळद आहे. लग्नघरच्या बायकांनी मरण बघायचं नसतं. शेवटचं रीळ डब्यातच राहू दे.”

“पण खाला, स्टोरी अधुरी राहील.”

“राहिलेली तू सांग. तुझी जीभ कधी अडलीय?”

खैरुद्दीनने तसंच केलं. तिसरं रीळ संपलं तेव्हा नायिका हातात खंजीर घेऊन अंगणाच्या दारात उभी होती. हा भोंग्यावरून म्हणाला, “मग तिने खंजीर विहिरीत फेकला, नवऱ्याला माफ केलं आणि दोघं सुखाने राहिली. खलास.” बायका खूश झाल्या.

फक्त मागच्या रांगेतली एक पिकल्या केसांची गोरी बाई ताडकन उठली आणि थेट खिडकीशी आली. काय म्हणत होती कुणाला कळेना. कुबरा मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ती मागोमाग धावली, दोन शब्द इंग्रजीत बोलली आणि थक्क झाली.

“खैरुभाई, ती म्हणते, पडद्यावरची ती मीच.”

मित्रांनो, माझा दिवा तेव्हा बंद होता म्हणून बरं, नाहीतर उडालाच असता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उजेडातलं माणूस माझ्यासमोर उभं होतं. नाक तेच, भुवई उडवायची लकब तीच.

तिचं नाव रेमेदिओस. कुबराने एकेक वाक्य उलगडून सांगितलं. तिचे वडील नाटकात प्रॉम्प्टर होते. ती लहानपणी मुलाचं काम करायला म्हणून रंगमंचावर चढली ती उतरलीच नाही. माद्रिदला याच नायिकेच्या भूमिकेने तिला नाव मिळवून दिलं, आधी नाटकात, मग सिनेमात. पुढे देशात युद्ध पेटलं, थिएटरं बंद पडली. ती नाटकमंडळीबरोबर परदेशात हिंडली. नायिकेची बहीण झाली, मग आई झाली, शेवटी सरबताचा ट्रे आणणारी मोलकरीण. सिनेमाची तिच्याजवळची प्रत गोदामाच्या आगीत जळाली. कुवेतला तेलकंपनीच्या क्लबात खेळ करून ती आता मुंबईला लेकीकडे निघाली होती, काम कायमचं सोडून. बोट खाडीबाहेर थांबली म्हणून गावात उतरली आणि भिंतीवर तिला स्वतःचंच पोस्टर दिसलं.

“तिला तो मरणाचा सीन एकदा बघायचाय,” कुबरा म्हणाली. “बोट उद्या संध्याकाळी सुटते.”

“बघू दे की,” मरियमबी म्हणाल्या. “आम्ही घरी जातो. मग दाखव तिला.”

कुबराने ते सांगितलं. बाईने मान हलवली. “ती म्हणते, रिकाम्या खुर्च्यांपुढे मी कधी मेले नाही. बघणारं कुणी नसेल तर नको.”

आता आली का पंचाईत! तिला माणसं हवी होती, माणसांना मरण चालत नव्हतं. मरियमबींचा जीव तुटत होता, पण हळदीपुढे त्यांचाही इलाज चालेना. बाई पर्स उचलून निघालीसुद्धा.

“खाला,” खैरुद्दीन हळूच म्हणाला, “मेलेलं माणूस उठताना बघितलं तर चालेल?”

मरियमबींनी लगेच मान डोलावली. “ते तर शुभच. यल्ला, लाव.”

त्याने दिवा न लावता चौथं रीळ आधी पुढे पळवलं. मग आवाज बंद केला, दिवा लावला आणि माझी उलटी कळ दाबली. फिल्म जुनी, जागोजागी जोडलेली. तुटली असती तर या बाईचं सगळंच संपलं असतं. मी जीव मुठीत धरून फिरत राहिलो.

फरशीवर ती निपचित पडली होती. रडणाऱ्या बायका पाठमोऱ्या चालत निघून गेल्या. अंगावरचा काळा डाग आकसत गेला. खंजीर छातीतून बाहेर आला. ती उठली, कुणी हात धरून उठवल्यासारखी, आणि अंगणाच्या दारात ताठ उभी राहिली. बायकांनी ‘माशाल्ला’ म्हणत टाळ्यांचा कडकडाट केला.

रेमेदिओस आधी पोट धरून हसली. मग तिचे डोळे भरून आले. कुबराने तिचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. “ती म्हणते, मी आयुष्यभर मरत आले. लोक टाळ्या वाजवून घरी जायचे. मला उठवलं कुणीच नव्हतं.”

मरियमबींनी तिचा हात धरला. “तिला सांग, उद्या दुपारी हळदीला यायचं. बोट संध्याकाळची आहे ना?”

ती हळदीला गेली. पिवळे हात घेऊनच बोटीत चढली, असं खैरुद्दीनने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुंबईत ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली की नाही, मला कळलं नाही. ती चुटपुट अजून आहे.

पुढे एअरकंडिशन्ड टॉकीजं आली, नवी यंत्रं आली. खैरुद्दीनने मला घरी आणलं. तो गेला आणि मी टेबलामागे सरकलो. परवा त्याची नात शहनाझ धूळ झटकत म्हणाली, “डझ इट स्टिल वर्क?” मग टेबल पुन्हा पुढे सरकवून निघून गेली.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला तेल घाला, पट्टा बदला, पुसून ठेवा. पण तेवढ्याने आमचं भागत नाही. खोलीत अंधार करा आणि चार जण समोर येऊन बसा. बाकीचं मी बघतो.